पेनेलोपीची किटली ठाण्यात बनवून मिळेल का? (थंडरबर्ड्स, प्रॉप रेप्लिका, साइजचा घोळ)

कोलशेतकर (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल पण हसून झालं की उत्तर द्या.

मला लेडी पेनेलोपीची चहाची किटली हवीय. ज्यांना थंडरबर्ड्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, १९६५ ला इंग्लंडात सुरू झालेली दोऱ्यांवरच्या बाहुल्यांची मालिका, जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या नवरा-बायकोची, एकूण ३२ भाग. एक बाप आणि त्याची पाच मुलं एका बेटावर राहतात आणि जगात कुठे काही कोसळलं, जळलं, अडकलं की रॉकेटं घेऊन लोकांना वाचवायला जातात. पेनेलोपी ही त्यांची लंडनची एजंट, गुलाबी सहाचाकी रोल्स रॉइसमधून फिरणारी, पुढे ड्रायव्हर पार्कर, आणि तिच्या चहाच्या किटलीत वायरलेस बसवलेला. म्हणजे बाई चहाच्या किटलीतून बेटावर बोलते. आठ वर्षांच्या पोराला यापेक्षा भारी काय असणार? मी घरच्या ॲल्युमिनियमच्या किटलीशी आठवडाभर बोलत होतो, एकदा तर चहा आत असताना कान लावला, पुढचं सांगत नाही.

बघायला कसं मिळालं तर माझा काका लेस्टरला. १९९१ मध्ये बीबीसीने ही मालिका परत लावली आणि तिकडे पोरं वेडी झाली, तेव्हा काकाने टीव्हीवरून रेकॉर्ड करून दोन कॅसेटी पाठवल्या. इकडेही टीव्हीच्या सिग्नलची पाल सिस्टीम आणि तिकडेही पाल, म्हणून आमच्या व्हीसीआरवर रंगीत लागली, नाहीतर अमेरिकेतल्या आत्याच्या कॅसेटी काळ्या-पांढऱ्या आणि थरथरत चालायच्या. त्या दोन कॅसेटी मी इतक्या वेळा लावल्या की पुढे पुढे फक्त आवाज यायचा.

आता वय ४०, ईएमआय चालू, आणि शोकेसचा एक कप्पा बायकोने उदार मनाने मला दिलाय. त्यात सध्या डिंकी या इंग्लिश कंपनीची दोन खेळणी आहेत, पेनेलोपीची गाडी (डिंकीचा १०० नंबर, काकाचीच) आणि त्या बेटावरचं विमान, थंडरबर्ड टू. ते टीव्हीवर हिरवं होतं पण डिंकीने आधी हिरवं काढलं आणि नंतर निळं, माझ्याकडे निळं आहे आणि येणारा प्रत्येक जण विचारतो की हे निळं का. पण ही झाली खेळणी. मला प्रॉप पाहिजे, स्क्रीनवर जे दिसलं त्याची नक्कल.

आता प्रॉब्लेम. इंग्लंडातला एक जण किटलीची रेप्लिका विकतो, रेझिनची, दिसायला मस्त, खऱ्या चहाच्या किटलीएवढी. पण मागच्या वर्षी मी दुसऱ्याकडून एक रेझिनचं किट मागवलं होतं तेव्हा ते 'खेळणं' म्हणून अडकलं. खेळण्यांवरची बेसिक ड्युटी २०२० ला २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०, त्यावर जीएसटी, त्यावर कुरिअरवाल्याचा हँडलिंगचा आकडा, आणि फोनवर मला तीनदा विचारलं की यात बॅटरी आहे का, हे लहान मुलांसाठी आहे का. मी म्हटलं मी ४० वर्षांचा आहे, तर समोरून शांतता.

म्हणून इथेच बनवून घ्यायचं ठरवलं. ओळखीतल्या एका थ्रीडी प्रिंटवाल्याने पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये किटली छापून दिली, साडेचार तास लागले म्हणे. मे महिन्यात दुपारी गाडीत डॅशबोर्डवर ठेवून मी बँकेत गेलो. परत आलो तर किटलीची चोच खाली मान घालून बसली होती, एखाद्याला बोलणी बसल्यासारखी. प्रिंटवाला म्हणाला तुमची चूक. असेलही.

तर विचारायचं असं की एक, ठाण्यात किंवा नवी मुंबईत अशी एकच वस्तू नीट बनवून देणारं कोणी असतं का, कुठल्या मटेरियलमध्ये करावी. आणि दुसरं, ज्यावर माझी रात्रीची झोप उडालीय, साइज कोणता? बाहुल्या लहान, म्हणजे खरी किटली पण बाहुलीच्या हातात मावेल एवढीच असणार ना? मग तो इंग्लंडवाला खऱ्या किटलीएवढी करून विकतो ती रेप्लिका म्हणायची की नुसती शोपीस? माझी आई म्हणते, बाजारातून किटली आण आणि वर चांदीचा रंग मार, कोण बघायला येतंय.

---

डुको_पुट्टी_प्रायमर (वागळे इस्टेट)

वा! ठाण्यात पार्करचा माणूस भेटला. मी शूटिंगसाठी आणि प्रदर्शनांसाठी मॉडेल करतो, सो बोलू शकतो.

आधी तुमची चोच. पीएलए साधारण ६० डिग्रीला मऊ व्हायला लागतं आणि मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली त्याहून जास्त होतं. त्यामुळे चूक निम्मी तुमची आणि निम्मी त्याची कारण शोपीस आहे कळल्यावर त्याने पेटजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये द्यायला हवं होतं, ते ८० च्या आसपास टिकतं. पण किटलीसारख्या गोल आणि गुळगुळीत वस्तूला फिलामेंट (प्लास्टिकची तार वितळवून थरांत छापणं) घेऊच नका, लेयरच्या रेघा घासता घासता पॉलिश पेपर संपतो, तुम्ही संपता. रेझिन प्रिंटरवर काढा किंवा एक चांगली मास्टर (मूळ नमुना) करून सिलिकॉनचा साचा घ्या. वागळेत आतल्या गल्ल्यांत फायबरवाले आहेत, पण एक नग म्हटलं की ते तोंड फिरवतात, त्यांना पन्नास हवे असतात. जाताना दुपारी जाऊ नका, चहाच्या वेळेला जा, माणूस मऊ असतो, पीएलएसारखा.

रंगाचं एक. पावसाळ्यात स्प्रे मारू नका. जून ते सप्टेंबर लॅकर मारलं की वर पांढुरकी साय धरते, हवेतलं पाणी त्यात अडकतं. मी एकदा घाईत एका क्लायंटचं काम जुलैमध्ये मारलं आणि अख्खं परत घासलं. दिवाळीनंतर मारा, कोरड्या हवेत, आणि मेटॅलिकच्या खाली काळा चकचकीत बेस द्या. त्याशिवाय चांदी चांदीसारखी दिसत नाही, राखाडी दिसते.

आता साइज. हा प्रश्न भारी आहे आणि याचं उत्तर तुम्हाला आवडेल. थंडरबर्ड्सच्या बाहुल्या साधारण २२ इंचाच्या होत्या, माणसाच्या एक तृतीयांश. त्यांचं तोंड कसं हलायचं माहितीय ना, संवाद आधी टेपवर रेकॉर्ड करायचे आणि त्या आवाजाच्या सिग्नलवर बाहुलीच्या डोक्यातलं सोलेनॉइड (विजेवर चालणारं छोटं चुंबक) खालचा ओठ हलवायचं. ते सोलेनॉइड डोक्यात बसवायचं म्हणून डोकी अंगापेक्षा मोठी, सगळे कसे गणपतीत वेशभूषा करून आल्यासारखे दिसतात ते त्यामुळे. पुढे १९६७ च्या कॅप्टन स्कार्लेट या मालिकेत त्यांनी ते यंत्र छातीत नेलं आणि डोकी माणसासारखी झाली, पण मला तरी ते कमी आवडतात, उगाच सिरियस.

पण दोऱ्यांवरच्या बाहुलीला एक गोष्ट जमत नाही, हातात वस्तू धरणं. बटण दाबणं, कप उचलणं, काहीच नाही. चालणं पण धड जमत नाही म्हणून ते सगळे सारखे खुर्च्यांत, गाड्यांत, सरकत्या पाटांवर. म्हणून जेव्हा जेव्हा हाताचा क्लोजअप असायचा तेव्हा तिथे खऱ्या माणसाचा हात यायचा. परत बघा, कट झाला की अचानक हाताला सुरकुत्या, नखं, सगळं. आणि माणसाचा हात आला की वस्तू पण माणसाच्या मापाची लागणार. म्हणजे हाताळायच्या वस्तू या लोकांना दोन मापात ठेवाव्या लागायच्या. गाडीचंच घ्या, त्या गुलाबी गाडीचं मोठं मॉडेल सात फुटांचं होतं, शिवाय लांबच्या शॉटसाठी लहान मॉडेल वेगळी.

त्यामुळे तुमचा इंग्लंडवाला खोटं विकत नाहीये. पण बाहुलीच्या मापाची पण खोटी नाही. तुम्हाला पेनेलोपीची किटली हवीय की त्या हाताची, एवढं ठरवा.

---

भातुकलीवाली (नौपाडा)

अहो कोलशेतकर, इतकं रेझिन आणि प्रिंटर कशाला? एक तृतीयांश म्हणताय ना सगळे, मग १५ सेंमीची किटली किती झाली, ५ सेंमीची. ही तर भातुकली!

मी पितळी भातुकली जमवते, वीस वर्षं झाली. बंब, चूल, पाटा-वरवंटा, जातं, कळशी, रॉकेलचा स्टोव्ह (याला पंप पण आहे), कपबशा आणि किटली सुद्धा. जुन्या पितळी सेटमधली किटली बाहुलीच्याच मापाची असते कारण ती बाहुलीसाठीच केलेली असते ना. आमच्याकडे तर भातुकलीत लग्न लागायची, जेवणावळी उठायच्या, व्याही रुसायचे. फक्त दोऱ्या नव्हत्या.

पुण्यात तुळशीबागेत मिळते हे सगळ्यांना माहीत आहे पण आताचा माल हलका आलाय, पत्रा पातळ, जोड दिसतो. जुनं हवं असेल तर आधी घरच्या माळ्यावर बघा. खरंच सांगते, आईला विचारा. आमच्या पिढीतल्या निम्म्या बायकांची भातुकली माळ्यावर रद्दीच्या मागे एका बिस्किटाच्या डब्यात असते आणि त्यांनाच आठवत नसतं. जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानात मोडीच्या ढिगात पण अधूनमधून निघते, किलोच्या भावाने. मी एकदा किलोवर घेतली तर दुकानदार म्हणाला ताई एवढ्याशा भांड्यात काय शिजवणार, मी म्हटलं वेळ.

पितळ्याला चिंच-मीठ लावून घासू नका हं रंग मारायचा असेल तर, नीट धुतलं नाही तर आंबटपणा कोपऱ्यात राहतो आणि महिन्याभराने हिरवट येतं. साबण, मऊ ब्रश आणि केसांच्या ड्रायरने वाळवा. रंगाऐवजी वर निकेलचं पाणी चढवून घेतलं तर जास्त बरं दिसेल असं मला वाटतं, पण ते तुम्ही त्या एपिसोडचा फोटो थांबवून ताडून बघा.

---

सह्याद्री_सातचा_नंबर (ठाणे)

पेनेलोपी, पार्कर, लेस्टर. आपल्याकडे काय कमी आहे हो? अर्धवटराव बघा ना. यशवंत केशव पाध्येंनी केलेला बोलका बाहुला आणि नंतर रामदास पाध्येंनी तो घराघरात नेला. आपल्या लहानपणी पापडाच्या जाहिरातीतला तो ससा, तो पण पाध्येंचाच. झपाटलेलाचा तात्या विंचू, १९९३, तो पण. तुमच्या कॅसेटी आल्या तेव्हाच गडकरी रंगायतनला शब्दभ्रमाचे प्रयोग बघायला आम्ही रांग लावत होतो. आणि पिंगुळीला जा कधीतरी, कुडाळजवळ, ठाकर आदिवासींच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली त्यासाठी. त्यांची रेप्लिका कोण जमवतंय? कोणी नाही. गुलाबी गाडी मात्र पाहिजे.

---

कोलशेतकर

@सह्याद्री_सातचा_नंबर दादा, रागावू नका, मी पिंगुळीला जाऊन आलोय, ठाकर आदिवासी कला आंगण बघितलंय, त्यांनी मुलाच्या हातात दोऱ्या दिल्या आणि त्याने पाच मिनिटांत सगळ्या गुंतवल्या, ते शांतपणे सोडवत बसले. पण एक फरक आहे, मला जे वाटतं ते सांगतो. तिथली बाहुली करणारे अजून आहेत. बाहुली हवी तर त्यांच्याकडूनच खरी घ्यायची, रेप्लिका कशाला? जी वस्तू परत होणार नाही, ज्या स्टुडिओचा सेट मोडून साठ वर्षं होत आली, तिची नक्कल करावी लागते. अर्धवटराव तर अजून स्टेजवर बोलतोय. त्याची नक्कल शोकेसमध्ये ठेवली तर तोच मला घालून पाडून बोलेल.

(आणि तात्या विंचू घरात नको असं बायकोने लेखी दिलंय.)

---

सह्याद्री_सातचा_नंबर (ठाणे)

हा मुद्दा मान्य. तात्या विंचूचा तर डबल मान्य.

---

नेरूळची_फ्लीसवाली

इथे सगळे कडक वस्तूंवर बोलतायत म्हणून कापडाच्या बाजूने लिहिते. माझं वेड मपेट, म्हणजे जिम हेन्सनच्या कापडी बाहुल्या, आणि त्या असलेली सेसमी स्ट्रीट ही मालिका. मुलगी लहान असताना गली गली सिम सिम लागायचं, २००६ ला सुरू झालं, त्यातली चमकी तिला एवढी आवडायची की शाळेत दोन वेण्या घालूनच जायची. तिथून मी मूळ मालिकेकडे गेले, १९६९ ची, आणि आता मुलगी कॉलेजात आणि बाहुल्या माझ्या.

मी त्यातला अर्नी आणि त्याचं पिवळं रबरी बदक असा सेट केला होता. बदक बाजारातलंच, अर्नी घरी शिवलेला. खरे मपेट ज्या कापडाचे असतात ते नायलॉनचं फ्लीस, आत फोमचा पातळ थर असलेलं, आणि ते हाताने रंगवतात. शिवणीवरचे केस सुईने वर ओढून झाकतात म्हणून शिवण दिसत नाही. ते कापड इकडे मिळत नाही. मी मंगलदास मार्केटमध्ये तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येकाने मला स्वेटरचं कापड दाखवलं. शेवटी पोलर फ्लीसवर भागवलं आणि शिवण लपवायला दात घासायचा ब्रश वापरला, चाललं.

खरी शिक्षा पुढे आहे. डोक्यात जो फोम भरला तो गादीवाल्याकडचा साधा. आमचं घर पामबीचच्या बाजूला, खिडकीतून खाडी दिसते, दिसायला छान, पण जून लागला की कपाटातल्या चपलांना पण बुरशी. तीन पावसाळ्यांनी एक दिवस अर्नीला उचललं तर डोक्यातून पिवळी भुकटी पडली, मारी बिस्किट चुरल्यासारखी. चेहरा तसाच, आत काही नाही. मुलगी म्हणाली आई याला ऑस्टिओपोरोसिस झालाय.

तेव्हा शिकले. फोम दोन जातीचा. एक पॉलिएस्टरवाला, तो दमट हवेत तुटतो. दुसरा पॉलिइथरवाला, तो दमटपणा बरा सोसतो पण उजेडाने आणि हवेने खराब होतो. आपल्या पट्ट्यात दुसराच घ्या आणि उन्हात ठेवू नका. काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गॅसवर गरम करायचे, परत निळे होतात. त्या तव्यावर नंतर पोळ्या करू नका. आणि डांबराच्या गोळ्या, कृपा करून, कुठल्याही मॉडेलच्या कप्प्यात टाकू नका, कडक पॉलिस्टायरीन प्लास्टिक त्याने मऊ पडतं. माझ्या भावाची जुनी एअरफिक्सची (तुकडे जोडून करायची प्लास्टिकची) विमानं अशीच गेली, सासूबाईंनी प्रेमाने गोळ्या टाकल्या होत्या.

तुमची किटली पितळी केलीत तर यातलं काहीच नको, हेवा वाटतोय. एक मात्र सांगते, मूळ वस्तू फार ग्रँड होत्या असं समजू नका. मपेटमधला पहिला कर्मिट (बेडूक) १९५५ चा, जिम हेन्सनने आईच्या जुन्या कोटातून कापून केला आणि डोळे म्हणजे पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे. तो आता स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये आहे. जुना कोट!

---

दीड_दिवसाचा_बाप्पा (कोपरी)

नेरूळच्या ताईंच्या शेवटच्या वाक्यावरून. थंडरबर्ड वन हे रॉकेट उभं असतं त्या तळघराच्या भिंतीकडे कधी नीट बघितलंय का कोणी? तिथे गोल, मधे उंच, कडेने खाचा असलेलं काहीतरी मशीन दिसतं. ते लिंबू पिळायचं आहे. प्लास्टिकचं, स्वयंपाकघरातलं. भिंतीवर चिकटवलं, रंग मारला, झालं मशीन. डेरेक मेडिंग्जची टीम, हाच माणूस पुढे सुपरमॅन आणि बाँडच्या सिनेमांची मॉडेल करायला गेला. हे लोक दुकानातून एअरफिक्सची किट आणायचे, विमान बनवायला नाही, त्यातले तुकडे काढून रॉकेटच्या अंगावर चिकटवायला. म्हणजे रेप्लिका करणाऱ्याचं अर्धं काम बनवण्याचं नाहीच, शोधण्याचं आहे, की त्यांनी त्या वेळी कुठल्या दुकानातून काय उचललं असेल.

मी तळघराची ती भिंत करतोय, दोन फूट बाय दीड. लिंबू पिळायचं मिळेना. आता सगळीकडे ते दोन हाताचं, पक्कडीसारखं, नाहीतर स्टीलचं. मला ते बशीवालं पाहिजे, ज्यावर अर्धं लिंबू उलटं ठेवून गरागरा फिरवायचं. ठाणे स्टेशन ते तलावपाळी सगळी प्लास्टिकची दुकानं झाली. शेवटी गोखले रोडच्या मागे मावशीच्या जुन्या घरी सरबत करायला गेलो आणि ते सापडलं. फिकट हिरवं, कडेला दात, एक दात तुटलेला. मावशी म्हणाली घेऊन जा पण उद्या दुसरं आणून दे, श्रावणात रोज सरबत असतं. मी काचेचं आणून दिलं. काल फोन आला, काचेच्यात बिया आत पडतात, आमचं परत आण. आता ते भिंतीवर चिकटवलंय, वर राखाडी प्रायमर. नाही जमणार म्हणालो तर आवाजच बदलला. सध्या मावशीकडे जाणं टाळतोय.

जाता जाता, बेट पण केलं होतं आम्ही. १९९२ च्या ख्रिसमसला इंग्लंडात ट्रेसी आयलंडचं खेळणं दुकानांतून संपलं आणि मग १९९३ च्या जानेवारीत बीबीसीच्या ब्लू पीटर या मुलांच्या कार्यक्रमात अँथिया टर्नरने टाकाऊ वस्तूंतून ते घरी कसं करायचं ते दाखवलं, त्याच्या माहितीपत्रकासाठी बीबीसीकडे ढीगभर मागण्या आल्या. तो व्हिडिओ बघून आम्ही गणपतीची आरास केली, २०१६ ला, तेव्हा थर्माकोल चालायचा. डोंगर, आजूबाजूला पाणी, थंडरबर्ड टू बाहेर येताना दोन्हीकडची नारळाची झाडं मागे पडतात ना, ती पण बिजागरीवर पडायची. बाप्पा वरच्या गोल घराच्या जागी. आजी आली, बराच वेळ बघत बसली, म्हणाली, विमानतळावर का बसवलाय रे याला? काका म्हणाला, दीड दिवसाचा आहे, फ्लाइट लवकरचं आहे.

थर्माकोल बंद झाल्यावर २०१८ ला पुठ्ठा आणि कागदाच्या लगद्याचं केलं, ते जास्त चांगलं झालं, पण झाडं पडेनात.

---

डुको_पुट्टी_प्रायमर (वागळे इस्टेट)

@दीड_दिवसाचा_बाप्पा अहो ते लिंबू पिळायचं मला पाठवा, दोन तासात सिलिकॉनचा साचा घेऊन मूळ परत देतो. भिंतीवर रेझिनचं लावा, मावशीला प्रायमर काढून तिचं परत द्या. एवढ्यावरून नातं कशाला तोडताय. पण मशीनवरचा प्रायमर खाण्याच्या वस्तूवरून पूर्ण जाईल याची गॅरंटी नाही, म्हणजे सरबतासाठी ते आता गेलंच. खाचा कमी बुजतील असा पातळ प्रायमर मारलाय ना?

---

दीड_दिवसाचा_बाप्पा (कोपरी)

जाड मारलाय.

---

कोलशेतकर

अपडेट देतो, दोन आठवडे उशिरा, माफी.

भातुकलीवाल्या ताई, तुम्हाला साष्टांग. आईला विचारलं. आधी म्हणाली नाहीये, मग म्हणाली असेल, मग स्वतःच शिडी मागवली. माळ्यावर गावाकडच्या पत्र्याच्या ट्रंकेत, बिस्किटाचा डबा नाही पण बेबी फूडचा डबा होता, त्यात अकरा भांडी. किटली आहे! उंची बरोबर साडेपाच सेंमी, मी व्हर्नियरने मोजली, आई म्हणाली डॉक्टरकडे पण एवढं मोजत नाहीत. चोचीला थोडा पोचा आहे, १९६० च्या आसपास तिच्या मामाने नाशिकहून आणलेली. म्हणजे मालिकेच्याच वयाची निघाली.

चिंच लावली नाही. साबण आणि ब्रश. निकेलचं पाणी चढवायचं ठरलं होतं, वागळेतल्या माणसाने घ्यायची तयारी पण दाखवली, पण आई म्हणाली तिच्यावर काही चढवायचं नाही, आणि तिची वस्तू असल्याने विषय तिथेच संपला. म्हणून मधला मार्ग, झाकणाच्या जागी रेझिनचं वेगळं झाकण छापून घेतलंय, डुको साहेबांच्याच ओळखीने, त्यावर गिटारच्या तारेची एरियल. मूळ झाकण डब्यात सुरक्षित. आता सरळ बघितलं तर भातुकली, झाकण बदललं की लंडन. मोठ्या मापाची पण करायचीय, हाताच्या क्लोजअपसाठी, ती दिवाळीनंतर, कोरड्या हवेत.

मुलगा आठ वर्षांचा आहे. किटली कानाला लावून त्याने आजीला हॅलो केलं, आणि आजी स्वयंपाकघरातून ओ देते रोज. गेल्या आठवड्यात दोनदा किटली शोकेसमधून गायब झाली आणि आईच्या खोलीत उरलेल्या दहा भांड्यांच्या शेजारी मांडलेली सापडली. दुसऱ्या वेळी तिच्या बाजूला कपबशी पण होती आणि निळं थंडरबर्ड टू.

झाकणाची मूठ अजून सुटतेय. एरल्डाइट लावून रात्रभर रबर बँडने बांधून ठेवलीय, उद्या सुकली की फोटो टाकतो.